डिस्क उघडण्यास नकार देते तेव्हा

डिचोली तालुक्यातील मये या गावाचा कागदपत्रांशी जितका जिवाभावाचा संबंध आहे, तितका गोव्यातील दुसऱ्या एखाद्या गावाचा क्वचितच असेल. पोर्तुगीज अमदानीत मयेच्या काउंटाच्या नावे असलेली विस्तीर्ण मालमत्ता १९६१ च्या मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता ठरली, १९६४ च्या कायद्यान्वये ती कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर घरे बांधली, बागायती राखल्या आणि नांगर धरला, त्यांना वहिवाटदारांना हक्क देणारा २०१४ चा कायदा संमत होईपर्यंत आणि त्यानंतर सनदेच्या, म्हणजे हक्काच्या दाखल्याच्या, अर्जासाठीही, आपली वहिवाट सिद्ध करणारा कागदामागून कागद गोळा करीत राहावे लागले. पैरा, तिखाजन, हळदणवाडी या वाड्यांवरील घरांतून जुन्या ट्रंकांत जपलेल्या या दस्तऐवजांच्या नकला आता स्कॅन होऊन हार्ड डिस्कवर जाऊ लागल्या आहेत. जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, सर्व्हेचे नकाशे, जुने दाखले असा हा ऐवज असतो, आणि तो तळहाताएवढ्या पेटीत मावतो, हीच त्यातील सोय आणि हाच त्यातील धोका.

अशा डिस्का बहुतेक करून विंडोजवर तयार झालेल्या असतात. परंतु विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला, विंडोज ११ कित्येक जुन्या संगणकांना स्वीकारीत नाही, आणि त्यामुळे घरातील, वाचनालयातील वा देवस्थान समितीच्या कार्यालयातील सुस्थितीतला संगणक टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्स बसविण्याचा विचार अनेकांच्या मनात येत आहे. तो विचार मला सर्वस्वी स्तुत्य वाटतो. मात्र लिनक्स बसविल्यानंतर जी पहिली अडचण उभी राहते ती बहुधा हीच, की जुनी डिस्क जोडावी आणि ती उघडू नये, किंवा उघडावी पण तिच्यात काही लिहिता येऊ नये. या अडचणीचे निवारण कसे करावे, मुक्तस्रोत ड्रायव्हर कोणता निवडावा, तो कसा बसवावा आणि तो अडून बसला तर काय पाहावे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. प्रारंभीच एक गोष्ट ठामपणे सांगतो: ड्रायव्हर जेव्हा डिस्क उघडण्यास नकार देतो, तेव्हा बहुतेक प्रसंगी तो आपल्या कागदपत्रांचे रक्षण करीत असतो, आणि त्याच्यावर जबरदस्ती करणारा उपाय हा सर्वांत शेवटचा उपाय समजावा.

डिस्कवरील मजकूर कोठे सुरू होतो, कोठे संपतो, त्याचे नाव काय, तो कोणाच्या मालकीचा, याचा हिशेब ज्या पद्धतीने ठेवलेला असतो तिला फाइल सिस्टिम म्हणतात. ती मामलेदार कचेरीतील नोंदवहीसारखी असते, म्हणजे जमीन जागच्या जागी असली तरी नोंद बिघडली की ती कोणाची हे सांगता येत नाही. ही नोंदवही वाचू आणि लिहू शकणारा प्रोग्राम तो ड्रायव्हर. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम १९९३ मध्ये विंडोज एनटीसमवेत अवतरली, पण तिची संपूर्ण रचना मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेली नसल्यामुळे, डिस्कवरील बाइट्‌सचे निरीक्षण करून तिचा उलगडा करण्याचे काम मुक्तस्रोत कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे करावे लागले. त्या परिश्रमाचे पहिले परिपक्व फळ म्हणजे साबोल्च साकाचित्स यांनी पुढे आणलेला ‘एनटीएफएस-३जी’. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २००७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. दुसरा ड्रायव्हर ‘एनटीएफएस३’ हा पॅरागॉन सॉफ्टवेअर या कंपनीने लिनक्सला दिला आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २०२१ मधील ५.१५ या आवृत्तीपासून तो कर्नलमध्येच समाविष्ट आहे. या दोन नावांतील साम्य घोटाळ्याचे मूळ ठरते, म्हणून पुढील विवेचनात पहिल्याचा उल्लेख ‘थ्रीजी’ आणि दुसऱ्याचा ‘कर्नलचा ड्रायव्हर’ असा करतो.

दोहोंतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. थ्रीजी हा फ्यूज नामक यंत्रणेच्या आश्रयाने, कर्नलच्या बाहेर, एखाद्या सामान्य प्रोग्रामप्रमाणे चालतो. त्यामुळे कर्नल बदलला तरी त्याला फारशी झळ लागत नाही आणि सिक्युअर बूटशी, म्हणजे स्वाक्षरी नसलेली कर्नल मॉड्यूल रोखणाऱ्या व्यवस्थेशी, त्याचा झगडा होत नाही. त्या बदल्यात त्याचा वेग काहीसा मंद असतो. कर्नलचा ड्रायव्हर वेगवान आहे, परंतु वयाने लहान आहे. ज्या डिस्कवर सनदेचे कागद आहेत तिच्यावर लिहावयाचे असेल तर मी थ्रीजीच वापरीन, आणि शेकडो गिगाबाइटचे जत्रेचे चित्रीकरण एका डिस्कवरून दुसरीकडे उतरवून घ्यावयाचे असेल तर कर्नलचा ड्रायव्हर केवळ वाचनासाठी योजीन.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आज्ञांचे उच्चार येथे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात. कोणताही ड्रायव्हर बसविण्यापूर्वी डिस्कवर कोणती फाइल सिस्टिम आहे याची खातरजमा करावी, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ चुकीच्या गृहीतकात असते. डिस्क जोडून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘-एफ’ या पर्यायासह द्यावी, म्हणजे प्रत्येक विभागासमोर त्याचा प्रकार दिसतो. ‘एनटीएफएस’ दिसल्यास पुढील विवेचन आपल्यासाठीच आहे. ‘एक्सफॅट’ दिसल्यास कर्नल ५.७ वा त्यापुढील असल्याची खात्री करावी (‘युनेम -आर’ ही आज्ञा कर्नलचा क्रमांक सांगते) आणि तपासणीच्या साधनांसाठी ‘एक्सफॅटप्रॉग्स’ हे पॅकेज बसवावे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सफॅटची रचना खुली केल्यापासून त्या फाइल सिस्टिमची दुखणी पुष्कळच कमी झाली आहेत. ‘बिटलॉकर’ असा शब्द दिसल्यास मात्र समजावे, की डिस्क कुलूपबंद आहे आणि किल्लीवाचून कोणताही ड्रायव्हर ती उघडू शकणार नाही. ती पुनर्प्राप्तीची किल्ली ज्याने डिस्क तयार केली त्याच्याकडून मिळवावी, आणि मग ‘क्रिप्टसेटअप’ची २.३ वा त्यापुढील आवृत्ती वापरून डिस्क उघडावी.

थ्रीजी बसविणे सोपे आहे. लिनक्सच्या उबुंटू, डेबियन वा मिंट या वितरणांवर ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एनटीएफएस-३जी’, तर फेडोरावर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल एनटीएफएस-३जी’, एवढ्याने काम भागते. पुष्कळ ठिकाणी तो आधीपासूनच असतो. २०२२.१०.३ ही त्याची आवृत्ती सुरक्षेतील दोष दूर करणारी आहे, म्हणून त्याहून जुनी असल्यास ती अद्ययावत करून घ्यावी. संकेतस्थळावरून उतरवलेले सुटे संग्रह स्वतः संकलित करण्याच्या फंदात सामान्य वाचकाने पडू नये. वितरणाच्या भांडारातून येणारे पॅकेज तपासलेले असते आणि पुढील सुधारणाही आपोआप मिळतात. कर्नलचा ड्रायव्हर उपलब्ध आहे की नाही हे ‘मोडइन्फो एनटीएफएस३’ या आज्ञेने कळते.

यानंतरची पायरी मी कधीही वगळू नये असे सांगेन. पहिल्या वेळी डिस्क केवळ वाचनासाठी माउंट करावी, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडून उघडावी. ‘सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/मये’ असे म्हणून एक रिकामा फोल्डर करावा आणि मग ‘सुडो माउंट -टी एनटीएफएस-३जी -ओ आरओ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/मये’ अशी आज्ञा द्यावी. ‘एसडीबी१’च्या जागी ‘एलएसबीएलके’ने दाखविलेले नाव घालावे, कारण ते प्रत्येक संगणकावर भिन्न असते. अशा रीतीने उघडलेल्या डिस्कवर ड्रायव्हर एकही अक्षर लिहीत नाही, आणि कागदपत्रे दिसू लागली की इतर काहीही करण्यापूर्वी त्यांची एक नक्कल संगणकावर उतरवून घेता येते. माउंट झालेल्या डिस्कला कोणता ड्रायव्हर लागला आहे हे ‘फाइंडएमएनटी’ ही आज्ञा सांगते. प्रकाराच्या रकान्यात ‘फ्यूजबीएलके’ असेल तर तो थ्रीजी, ‘एनटीएफएस३’ असेल तर कर्नलचा.

अडचण आली की पडद्यावर बहुधा एकच लांबलचक इंग्रजी वाक्य उमटते, की फाइल सिस्टिमचा प्रकार चुकला असावा, पर्याय चुकला असावा किंवा सुपरब्लॉक बिघडला असावा. या वाक्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. खरे निदान कर्नलच्या रोजनाम्यात असते, आणि तो ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) या आज्ञेने वाचता येतो. त्याच्या शेवटच्या वीसेक ओळी लक्षपूर्वक वाचण्याची सवय लावून घेतली तर अर्धी लढाई जिंकली.

त्या ओळींत ‘व्हॉल्यूम इज डर्टी’ असा मजकूर आणि त्यापुढे ‘फोर्स’ या शब्दाचा उल्लेख आढळला तर तो कर्नलच्या ड्रायव्हरचा इशारा आहे. मागील वेळी लिहिण्याचे काम पूर्ण होण्यापूर्वीच डिस्क तोडली गेली असावी आणि नोंदी अर्धवट राहिल्या असाव्यात, असे तो सांगतो. आमच्याकडे मृग नक्षत्र लागले की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि यूपीएसशिवाय चालणाऱ्या संगणकाला जोडलेल्या डिस्कवर ही पाळी हटकून येते. येथे ‘फोर्स’ हा पर्याय देऊन डिस्क लिहिण्यासाठी उघडता येते हे खरे, परंतु अर्धवट नोंदींवर नव्या नोंदी चढविल्या म्हणजे नुकसान कायम होण्याचा संभव असतो. उचित मार्ग असा: आधी ‘आरओ’ पर्यायाने डिस्क उघडून नक्कल घ्यावी. मग ती कोणाच्या तरी विंडोज संगणकाला जोडून, तेथे ‘चेकडिस्क’ (chkdsk) ही आज्ञा ‘/एफ’ या पर्यायासह चालवावी. एनटीएफएसची पूर्ण दुरुस्ती करण्याचे भरवशाचे साधन आजही तेच आहे. विंडोज कोठेच उपलब्ध नसेल तर थ्रीजीसोबत येणारे ‘एनटीएफएसफिक्स’ हे साधन प्रथम ‘-एन’ पर्यायासह, म्हणजे काहीही न बदलता, चालवून पाहावे. ते काही ढोबळ दोष सुधारते आणि जर्नल, म्हणजे चालू बदलांची टिपणवही, रिकामे करते, पण त्याला चेकडिस्कचा पर्याय समजू नये. ‘-डी’ या पर्यायाने तर ‘डर्टी’ ही खूणही पुसली जाते, पण न सुधारलेला दोष तसाच राहतो.

ज्या संगणकात विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात तेथे दुसरा एक प्रकार घडतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे ‘शट डाउन’ म्हटल्यावरही विंडोज पूर्णतः बंद होत नाही. ते आपली अवस्था डिस्कवर लिहून निद्रिस्त होते, आणि जागे झाल्यावर डिस्क पूर्वीसारखीच असेल असे धरून चालते. अशा वेळी थ्रीजी विंडोज निद्रिस्त असल्याचे सांगून डिस्क फक्त वाचनासाठी उघडतो, आणि वाचकाची तक्रार असते की ‘फायली दिसतात पण जतन होत नाहीत’. येथे दोष ड्रायव्हरचा मुळीच नाही. विंडोजमध्ये जाऊन प्रशासकाच्या अधिकाराने ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा द्यावी आणि मग संगणक बंद करावा. एकाच वेळेपुरती सोय हवी असेल तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडून तेथूनच लिनक्समध्ये शिरावे. थ्रीजीमध्ये निद्रेची फाइल काढून टाकणारा एक पर्यायही आहे, पण त्याबरोबर विंडोजमधील न जतन केलेले सारे काम नाहीसे होते, म्हणून तो टाळावा.

रोजनाम्यात ‘आय/ओ एरर’ हे शब्द पुनःपुन्हा दिसू लागले, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर ड्रायव्हरचा विचार त्याच क्षणी सोडून द्यावा. प्रथम केबल आणि यूएसबीचे तोंड बदलून पाहावे, कारण अपुरा वीजपुरवठा हेही एक सामान्य कारण असते. तरीही चुका येत राहिल्या तर डिस्कच मरणासन्न आहे असे समजून ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने तिची समग्र प्रतिमा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवावी (डेबियनमध्ये त्या पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ असे आहे) आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. आजारी डिस्कवर दुरुस्तीची साधने चालविणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य वाया घालविणे होय.

‘परवानगी नाही’ ही तक्रार याहून निरुपद्रवी. टर्मिनलमधून माउंट केलेल्या डिस्कवरील फायली प्रशासकाच्या मालकीच्या दिसू शकतात. ‘आयडी’ या आज्ञेने आपला क्रमांक पाहून, तो बहुधा १००० असतो, माउंटच्या पर्यायांत ‘यूआयडी=१०००,जीआयडी=१०००’ असे जोडले की प्रश्न मिटतो.

मराठी वाचकांना विशेष सतावणारी बाब फायलींच्या नावांची आहे. एनटीएफएसमध्ये नावे युनिकोडमध्येच साठविलेली असतात, त्यामुळे देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू लागली तर नावे नष्ट झाली असे मानू नये. कर्नलचा ड्रायव्हर वापरताना ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ हा पर्याय जोडून पाहावा. नाव नीट दिसते पण आतील मजकूर अगम्य अक्षरांचा आहे, असे असेल तर तो लेख युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपीसारख्या फाँटात टंकलेला असण्याचा संभव आहे. तेथे फाँट मिळविणे वा रूपांतर करणे हाच उपाय, ड्रायव्हरला तेथे काही करता येत नाही. उलट बाजूनेही एक सावधगिरी हवी. लिनक्सवर उताऱ्याच्या फायलीला ‘१:१४’ असे नाव देता येते, पण विंडोज नावात विसर्गासारखे ते चिन्ह स्वीकारीत नाही, आणि तीच फाइल तिकडे उघडेनाशी होते. डिस्क दोन्हीकडे वापरावयाची असेल तर थ्रीजीला ‘विंडोज_नेम्स’ हा पर्याय द्यावा, म्हणजे असे नाव देऊ लागताच तो अडवितो.

कर्नल अद्ययावत झाल्यानंतर संगणक पुन्हा सुरू न करताच डिस्क जोडली तर ‘मॉड्यूल सापडत नाही’ अशी तक्रार येऊ शकते, आणि पुनरारंभ केला की ती नाहीशी होते. परंतु जे ड्रायव्हर कर्नलमध्ये समाविष्ट नाहीत त्यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि झेडएफएसचा ड्रायव्हर हा त्यांपैकी प्रमुख. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली ही फाइल सिस्टिम प्रत्येक मजकुराची तपासणी-बेरीज (चेकसम) जपून ठेवते आणि सडलेला बाइट ओळखून काढते, त्यामुळे दस्तऐवजांच्या दीर्घकालीन जतनाला ती आदर्श वाटते. ती लिनक्सवर आणण्याच्या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे हे आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक असेल. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने झेडएफएसचा गाभा लिनक्सवर आणला होता, पण ती नेहमीच्या फोल्डरसारखी माउंट करता येईल असा वरचा थर तेव्हा तयार नव्हता. पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीतील अभियंत्यांनी त्या कामाच्या आधारावर तो थर रचून २०१० मध्ये जगापुढे ठेवला. २०११ मध्ये एसटेक या अमेरिकी कंपनीने ती कंपनी विकत घेतली. लिव्हरमोरचा मूळ प्रकल्प पुढे वाढत जाऊन आज ओपनझेडएफएस या नावाने ओळखला जातो. पुण्यातील त्या कामाची नोंद मराठीत व्हावयास हवी होती असे मला मनापासून वाटते.

झेडएफएसचा परवाना सीडीडीएल, कर्नलचा जीपीएल, आणि या दोहोंचा मेळ बसत नसल्याने तो ड्रायव्हर कर्नलबाहेरच राहिला आहे. डेबियनवर तो ‘डीकेएमएस’ पद्धतीने प्रत्येक नव्या कर्नलसाठी संगणकावरच संकलित होतो. त्यासाठी त्या कर्नलची ‘हेडर्स’ ही पॅकेजे हजर असावी लागतात. ती नसल्यास, किंवा कर्नल ओपनझेडएफएसच्या मर्यादेपलीकडे नवा असल्यास, संकलन फसते. संकलन होऊनही ‘की वॉज रिजेक्टेड’ असा नकार आला तर तो सिक्युअर बूटचा आहे. ‘एमओकेयूटिल’ने आपली किल्ली नोंदवून, पुनरारंभाच्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर तिला मान्यता द्यावी लागते. उबुंटूवर स्वाक्षरी केलेले मॉड्यूल तयारच मिळते. घरगुती एका डिस्कसाठी हा सारा खटाटोप करावा असे माझे मत नाही. वाचनालयासारख्या संस्थेने, जाणकार मनुष्य हाताशी असेल तर, अवश्य करावा.

डिस्क संगणकाला कायमची जोडून ठेवावयाची असेल तर ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फायलीत तिची नोंद ‘यूयूआयडी’ने करावी आणि पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द न विसरता घालावा. तो नसेल आणि कोणी डिस्क काढून नेली, तर संगणक सुरू होतानाच अडून बसतो. नोंद केल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ ही आज्ञा देऊन ती तपासावी.

शेवटी जतनाच्या व्यवस्थेविषयी. एक्सफॅटला जर्नल नसते, म्हणून वीज गेली की तिच्या नोंदी सहज बिघडतात. ती देवाणघेवाणीपुरती ठीक. मूळ संग्रह लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर ठेवावा, विंडोजवाल्यांना द्यावयाची नक्कल एनटीएफएसवर करावी, आणि तिसरी प्रत दुसऱ्या वाड्यावरील नातेवाइकाच्या घरी असू द्यावी. प्रत्येक नक्कल झाल्यावर मूळ फोल्डरमध्ये ‘एसएचए२५६सम’ या आज्ञेने सर्व फायलींच्या तपासणी-बेरजांची यादी करून ती नकलेसमवेत ठेवावी, आणि नकलेच्या फोल्डरमध्ये तीच आज्ञा ‘-सी’ पर्यायासह चालवून प्रत्येक ओळीपुढे ‘ओके’ उमटते की नाही ते पाहावे. मग ‘सुडो युमाउंट /एमएनटी/मये’ ही आज्ञा देऊन टर्मिनलचा प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबावे. मोठ्या नकलेनंतर याला काही मिनिटे लागू शकतात, कारण स्मृतीत साचलेला मजकूर तेव्हाच डिस्कवर उतरत असतो, आणि तो उतरेपर्यंत केबलला हात लावू नये.